गाडीत सबवूफर बसवताना: वायरिंगपासून गेनपर्यंत

दारातले स्पीकर कितीही चांगले घेतले तरी खालचा बेस त्यांच्याकडून येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. साडेसहा इंची स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) लहान, त्याच्यामागे भोकाभोकांचा दाराचा पत्रा, आणि वर टायर-इंजिनाची सततची घरघर, जी नेमकी त्याच खालच्या पट्ट्यात असते. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. पियानोचा डावीकडचा शेवटचा सूर २७.५ हर्ट्झचा. दारातला स्पीकर ८० हर्ट्झच्या खाली गेला की दमायला लागतो. तिथून खालचं काम सबवूफरचं.

हा लेख पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. नीट बसवलेला सबवूफर डिक्कीत वाजतोय हे कळतच नाही. बेस समोरच्या काचेच्या बाजूने, गाण्याच्या आतूनच येतोय असं वाटतं. मागून वेगळं 'धाड धाड' ऐकू येत असेल तर सेटिंग अर्धवट राहिलंय असं समजा. हा फरक महागड्या वूफरने पडत नाही. तो अर्थिंग, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते), क्रॉसओव्हर (कुठले सूर वूफरने आणि कुठले स्पीकरने वाजवायचे ती सीमा) आणि फेज (दोघांच्या लाटा जुळणं) या चार गोष्टींनी पडतो. फिटिंग हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं ट्यूनिंगचं, आणि घाईत नेमकं तेच सुटतं.

कुठला सबवूफर घ्यायचा

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे सीटखाली मावणारा अ‍ॅक्टिव्ह सबवूफर. वूफर, अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल ताकदवान करणारं यंत्र) आणि बॉक्स एकाच चपट्या डब्यात येतात. डिक्की मोकळी राहते, वायरिंग कमी लागतं, करंटही कमी खेचला जातो. फार खोल बेस त्यातून निघत नाही, पण गाण्याला भरदारपणा येतो, आणि पुष्कळ लोकांना तेवढंच हवं असतं. पहिल्यांदा करत असाल आणि डिक्की सामानासाठी लागत असेल, तर माझं मत सरळ याच्याच बाजूने आहे.

दुसरा मार्ग म्हणजे १० किंवा १२ इंची वूफर, त्याचा बॉक्स आणि वेगळा मोनो (एकाच चॅनेलचा) अ‍ॅम्प. इथे बंद बॉक्स की पोर्टवाला, हा प्रश्न येतो. बंद बॉक्समध्ये आतली हवा स्प्रिंगसारखी काम करते. एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली हेच तत्त्व वापरून घरगुती स्पीकरचा आकार एकदम लहान करून दाखवला होता. पोर्टवाल्या बॉक्सला ठरावीक लांबीची नळी किंवा फट असते. त्या नळीतली हवा एका विशिष्ट फ्रिक्वेन्सीला जोरात डोलते आणि तेवढ्या पट्ट्यात तेवढ्याच वॉटमध्ये जास्त आवाज मिळतो. मात्र त्या फ्रिक्वेन्सीच्या खाली कोनवर हवेचा धाक राहत नाही, तो बेलगाम हलतो आणि आवाजही झपकन पडतो.

गाडीच्या बाबतीत बंद बॉक्सच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. बंद बॉक्सचा आवाज एका मर्यादेखाली दर ऑक्टेव्हला (म्हणजे फ्रिक्वेन्सी दर वेळी निम्मी होताना) १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा २४ डेसिबलने. आता गाडीची केबिन बघा. समजा ती आतून अडीच मीटर लांब आहे. ज्या आवाजाची निम्मी तरंगलांबी त्याहून मोठी असते, म्हणजे साधारण ७० हर्ट्झच्या खालचे सगळे, ते केबिनमध्ये लाटेसारखे फिरत नाहीत. ते सगळ्या हवेवर एकदमच दाब टाकतात. त्यामुळे खाली जाऊ तसा बेस वाढत जातो, तत्त्वतः दर ऑक्टेव्हला १२ डेसिबलने. बंद बॉक्स जितकं गमावतो, जवळपास तितकंच केबिन परत देते. काचा-पत्रे थरथरतात, फटींतून दाब निसटतो, म्हणून प्रत्यक्षात पूर्ण भरपाई होत नाही. तरीही घरात फिका वाटणारा बंद बॉक्स गाडीत खोल आणि घट्ट वाजतो तो यामुळेच. नवख्याने बंद बॉक्सच घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. बॉक्स किती लिटरचा हवा ते वूफरच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते पाळा, अंदाजाने बॉक्स करून घेऊ नका.

वॉट आणि ओहम

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला 'मॅक्स' किंवा 'पीक' वॉटचा आकडा सोडून द्या. फक्त आरएमएस (सतत देता किंवा पेलता येणारे वॉट) बघायचं, वूफरचं आणि अ‍ॅम्पचंही. दोन्ही एकमेकांच्या जवळपास असले की झालं. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. ३०० ऐवजी ४०० वॉटचा अ‍ॅम्प घेऊन ऐकण्यात काही पदरात पडत नाही.

ओहम, म्हणजे वूफरचा विद्युत अडथळा, मात्र काळजीपूर्वक. बऱ्याच वूफरना दोन कॉइल (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) असतात. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर अ‍ॅम्पला २ ओहम दिसतात, एकामागोमाग एक जोडल्या तर ८. दोन २ ओहमच्या कॉइल असतील तर हेच आकडे १ आणि ४ होतात. तुमचा अ‍ॅम्प कमीत कमी किती ओहमवर चालतो ते त्याच्या पुस्तिकेत असतं. २ ओहमच्या अ‍ॅम्पला १ ओहमचा भार दिला तर तो तापतो, प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो) किंवा जळतो. वूफर घेण्याआधीच कागदावर हे गणित मांडा.

वायर आणि फ्यूज

अ‍ॅम्प किती करंट खेचेल ते घरबसल्या काढता येतं. समजा अ‍ॅम्प ५०० वॉट आरएमएसचा, क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या) प्रकारचा आहे. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर आत ६२५ वॉट जायला हवेत. इंजिन चालू असताना गाडीचा व्होल्टेज साधारण १३.८ धरा. ६२५ भागिले १३.८, म्हणजे सुमारे ४५ अँपिअर. याला शुद्ध तांब्याची ४ गेजची वायर निश्चिंतपणे पुरते. २००-३०० वॉटला ८ गेज चालते. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड, हे लक्षात ठेवा.

तयार वायरिंग किट घेताना वायर पूर्ण तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, हे विचारा. मुलाम्याच्या वायरची वहनक्षमता तांब्याच्या जवळपास दोन-तृतीयांश असते. तीच घ्यायची असेल तर एक पायरी जाड घ्या. टोक सोलून एखादा तंतू पातीने खरवडून बघा. आतून चंदेरी निघाला तर तो अ‍ॅल्युमिनियम.

या सगळ्या कामात आगीचा सगळ्यात मोठा धोका एकाच ठिकाणी आहे, आणि तो मुख्य फ्यूजने टळतो. हा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवायचा, जितका जवळ तितका बरा. अ‍ॅम्पवर आधीच फ्यूज असतात, मग हा कशाला, असं वाटेल. अ‍ॅम्पवरचे फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतात. मुख्य फ्यूज वायरसाठी आहे. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत चार-पाच मीटर वायर पत्र्यांच्या कडांवरून जाते. कुठे ती कापली जाऊन बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते आणि वायर लाल होते. फ्यूज जवळ असेल तर तो उडतो आणि विषय संपतो. किती अँपिअरचा लावायचा? अ‍ॅम्पवरच्या फ्यूजची बेरीज करा. ३० चे दोन असतील तर मुख्य फ्यूज ६० चा, आणि वायर तेवढा करंट सहज पेलणारी हवी. उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकणं, ही चूक कधीच करू नका.

काम सुरू करण्याआधी

बॅटरीचा निगेटिव्ह काढल्याशिवाय एकाही वायरला हात लावू नका. निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेला असेल तर तिथेच शॉर्ट होतो. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर स्टिरिओ कोड मागतो, म्हणून तो आधी शोधून ठेवा. काचांचं ऑटो बटणही पुन्हा शिकवावं लागू शकतं.

सीटखाली आणि स्टिअरिंगच्या आसपास पिवळे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅगचे. त्यांना हात लावायचा नाही, मल्टीमीटरही लावायचा नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांच्या वाटेलाही जायचं नाही. अशा गाडीत अ‍ॅम्पला करंट १२ व्होल्टच्या सहायक बॅटरीकडूनच घ्यायचा, आणि तो कुठून नि किती घेता येईल हे गाडीच्या पुस्तिकेतून किंवा सर्व्हिस सेंटरकडून आधी विचारून घ्यायचं.

हत्यारं फार लागत नाहीत: पान्यांचा सेट, प्लास्टिकच्या ट्रिम पट्ट्या, वायर सोलायचा आणि थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) दाबायचा पक्कड, पॉलिश पेपर, केबल टाय, इन्सुलेशन टेप आणि एक साधा मल्टीमीटर. मल्टीमीटर टाळू नका. पुढचं अर्धं काम त्याच्यावरच आहे.

पॉवरची वायर ओढणं

इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायर आत आणणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे. त्या पत्र्यात मूळ वायरिंग जिथून जातं तिथे जाड रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवलेली कडी, असतो. त्यालाच बारीक छेद देऊन, ताठ तारेच्या टोकाला आपली वायर टेपने बांधून आत सरकवा. नवीन भोक पाडायची वेळ आली तर पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघून मगच पाडा, आणि त्यात स्वतंत्र ग्रोमेट घाला. उघड्या पत्र्याच्या कडेवरून वायर कधीही न्यायची नाही. इंजिनच्या बाजूला तिच्यावर खोबणीची नळी चढवा आणि ती एक्झॉस्टपासून, हलणाऱ्या भागांपासून लांब, टायने बांधत न्या.

आत आल्यावर दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचलली की खाली वायरिंगची वाट दिसते. पॉवरची वायर एका बाजूने न्या, स्टिरिओकडून सिग्नल आणणारी आरसीए केबल आणि अ‍ॅम्प चालू-बंद करणारी रिमोटची वायर दुसऱ्या बाजूने. दोन्ही शेजारी ठेवल्या तर नंतर गुणगुण पकडत बसावं लागतं. वायर पूर्ण ओढून, अ‍ॅम्पपाशी थोडी सैल ठेवून मगच कापा. फ्यूज होल्डर बसवा, पण फ्यूज सगळ्यात शेवटी घाला.

अर्थिंग

नवख्यांच्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ मला इथे सापडतं, म्हणून इथे वेळ द्या. अ‍ॅम्पमध्ये जितका करंट पॉझिटिव्हने येतो तितकाच अर्थच्या वायरने परत जातो. त्यामुळे अर्थची वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड हवी आणि जमेल तितकी आखूड, ४५ सेंटिमीटरच्या आत. डिक्कीत बॉडीचा जाड, वेल्ड केलेला भाग शोधा. तिथला रंग आणि प्रायमर पॉलिश पेपरने घासून काढा. राखाडी थर गेल्यावर पत्रा आरशासारखा चकाकू लागला की थांबा. दाबून बसवलेलं थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट आणि नट असं घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात मारा, नाहीतर पावसाळी हवेत तिथे गंज धरतो.

सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका. तो ठरावीक ताकदीने आवळलेला असतो आणि अपघातात माणसाला धरून ठेवायचं त्याचं काम असतं. नवीन भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली वाकून बघा. डिक्कीच्या तळाखाली बऱ्याचदा पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असतात.

अर्थ चांगला झाला की नाही हे नंतर असं तपासता येतं. सिस्टीम मोठ्याने वाजत असताना मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरं, लांब वायर जोडून, बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर पुन्हा घासायला बसा. नुसतं ओहमवर मोजून हे कळत नाही, कारण मल्टीमीटर मोजताना नगण्य करंट सोडतो.

सिग्नल आणि रिमोट

स्टिरिओला मागे सबवूफरचं आरसीए आउटपुट असेल तर काम सोपं. केबल जोडा आणि निळी-पांढरी रिमोट वायर अ‍ॅम्पच्या रिमोट टर्मिनलला न्या. स्टिरिओ चालू झाला की या वायरवर १२ व्होल्ट येतात आणि अ‍ॅम्प जागा होतो. रिमोट थेट बॅटरीला जोडला तर अ‍ॅम्प रात्रभर चालू राहील आणि सकाळी गाडी सुरू होणार नाही.

कंपनीचाच स्टिरिओ ठेवायचा असेल तर मागच्या स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घ्यावा लागतो. आता बऱ्याच अ‍ॅम्पना हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरवरचा सिग्नल थेट घेणारं) असतंच, आणि काही तर त्या सिग्नलवरूनच आपोआप चालू होतात. नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर (तो सिग्नल आरसीएच्या पातळीला उतरवणारा डबा) लावा. मूळ वायर कापण्यापेक्षा गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारा कपलर वापरा, म्हणजे मूळ वायरिंगला धक्का लागत नाही आणि उद्या सगळं काढून गाडी जशीच्या तशी करता येते. एक अडचण मात्र ठाऊक असू द्या. काही मूळ स्टिरिओ दारातले स्पीकर वाचावेत म्हणून व्हॉल्यूम वाढवला की बेस स्वतःहून कापतात. तुमच्या गाडीत असं होत असेल तर ती भरपाई करणारा कन्व्हर्टर किंवा डीएसपी (आवाज दुरुस्त करणारा डिजिटल प्रोसेसर) लागेल. गेन वाढवून तो बेस परत येत नाही.

बॉक्स आणि वूफर

वूफरला जोडायची वायर १२ किंवा १४ गेजची पुरे. प्लसला प्लस, मायनसला मायनस. खात्री करायची असेल तर दीड व्होल्टचा सेल बॉक्सच्या टर्मिनलला क्षणभर टेकवा. सेलचं प्लस वूफरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो. आत गेला तर कुठेतरी उलटं जोडलं आहे.

हॅचबॅकमध्ये वूफरचं तोंड मागच्या दाराकडे करून बघा, बहुतेकदा तसंच चांगलं वाजतं. सेडानमध्ये डिक्की आणि केबिनमध्ये पत्रा आणि सीट असते, त्यामुळे बेस अडतो. तिथे मागच्या सीटमधल्या आर्मरेस्टची खिडकी उघडून फरक ऐका. दोन-तीन जागा आणि दिशा बदलून ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐकल्याशिवाय जागा पक्की करू नका. पक्की झाली की बॉक्स पट्ट्याने किंवा लोखंडी कोनांनी गाडीला जखडा. वीस किलोचा मोकळा बॉक्स जोरात ब्रेक लागला की मागच्या प्रवाशांच्या पाठीवर येतो. अ‍ॅम्प बॉक्सवर न बसवता वेगळ्या फळीवर, हवा लागेल असा बसवा, कारण बॉक्सच्या थरथरीने त्याचे स्क्रू आणि सोल्डर सैल होतात.

आता बॅटरीचा निगेटिव्ह जोडा, गेन पूर्ण खाली करा, आणि मग मुख्य फ्यूज घाला. स्टिरिओ चालू करून अ‍ॅम्पचा दिवा बघा. लाल किंवा 'प्रोटेक्ट' दिसला तर तिथेच थांबून वायरिंग तपासा.

गेन

गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम, असं समजून ते उजवीकडे फिरवत नेणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्पची पूर्ण ताकद यांची गाठ घालून देणं, एवढंच गेनचं काम. तो जास्त झाला की अ‍ॅम्प आपल्या मर्यादेला धडकतो, लाटेचे शेंडे कापले जातात, आणि वूफरच्या कॉइलमध्ये उष्णता साठत जाते. डिक्की उघडल्यावर जळक्या वार्निशसारखा वास आला तर कॉइल करपायला लागली आहे.

मल्टीमीटरने गेन लावायची पद्धत पुढे देतो. फोनवर ५० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा म्हणजे शून्य डेसिबलचा साइन टोन (एकच शुद्ध सूर) घ्या. इंजिन चालू ठेवा, पण मोकळ्या हवेत, बंद गॅरेजमध्ये नको. स्टिरिओवरचे बेस, ट्रेबल, लाउडनेस, इक्वलायझर सगळे शून्यावर. अ‍ॅम्पवरचा बेस बूस्ट शून्यावर, लो-पास फिल्टर (ठरावीक आकड्यावरचे सूर अडवणारा) सगळ्यात वर, सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा) बंद. वूफरच्या वायर अ‍ॅम्पवरून काढून ठेवा. आता स्टिरिओचा व्हॉल्यूम कमालच्या तीन-चतुर्थांशावर न्या. त्यापुढे बरेच स्टिरिओ स्वतःच फाटायला लागतात.

किती व्होल्ट हवेत? वॉट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ३०० वॉट आणि २ ओहम असेल तर ६०० चं वर्गमूळ, साधारण २४.५ व्होल्ट. ५०० वॉट आणि २ ओहमला ३१.६ व्होल्ट. इथे अ‍ॅम्प आणि वूफर यांपैकी ज्याचे आरएमएस कमी त्याचा आकडा धरा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याची टोकं अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन अगदी हळू, केसाएवढा फिरवत आकडा गाठा. ५० हर्ट्झ मी मुद्दाम सुचवतो, कारण बरेच स्वस्त मल्टीमीटर घरगुती विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या आसपासच भरवशाचं मोजतात. आकडा आला की टोन बंद करा, सिस्टीम बंद करा, आणि मग वूफर परत जोडा.

हा आकडा तुमची वरची हद्द आहे. बेस जास्त वाटला तर गेन बेलाशक कमी करा. कमी वाटला म्हणून याच्यावर जाऊ नका. आणि व्हॉल्यूम त्या तीन-चतुर्थांशाच्या वर कधीच न्यायचा नाही, हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

क्रॉसओव्हर, फेज आणि उशीर

लो-पास फिल्टर ८० हर्ट्झवर आणून सुरुवात करा, आणि स्टिरिओत सोय असेल तर पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा. हा हाय-पास बरेच जण विसरतात. तो लावला की दारातल्या स्पीकरवरचं ओझं उतरतं, गाणारा आवाज लगेच मोकळा होतो, आणि दारंही कमी खडखडतात. लो-पास १०० च्या बराच वर नेला तर पुरुषी आवाजाचा खालचा भाग वूफरमधून येऊ लागतो आणि कान लगेच मागे वळतो. पोर्टवाला बॉक्स असेल तर सबसॉनिक फिल्टर बॉक्सच्या ट्यूनिंगच्या थोडा खाली लावणं गरजेचं आहे. बंद बॉक्सला तो २० हर्ट्झवर ठेवला किंवा बंद ठेवला तरी चालतं.

फेजचं बटण किंवा सेटिंग ० आणि १८० असं असतं. ८० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात लावा, पुढचे स्पीकर आणि वूफर दोन्ही चालू ठेवा, ड्रायव्हरच्या जागी नीट बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी फेज बदलायला सांगा. ज्या स्थितीत आवाज मोठा आणि भरीव वाटेल ती बरोबर. दुसऱ्या स्थितीत स्पीकर आणि वूफर एकमेकांना खात असतात. डोकं पुढे-मागे केलंत तर उत्तर बदलेल, म्हणून गाडी चालवताना बसता तसंच बसा.

टाइम अलाइनमेंट (प्रत्येक स्पीकरला थोडा उशीर देण्याची सोय) असलेला स्टिरिओ असेल तर खरी मजा इथे आहे. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. वूफर तुमच्यापासून दोन मीटरवर आणि ड्रायव्हरच्या दारातला स्पीकर एका मीटरवर असेल, तर स्पीकरला साधारण ३ मिलिसेकंद थांबवलं की दोघांचा आवाज कानावर बरोबरीने येतो. फिल्टरमुळे वूफरला आणखी थोडा उशीर होत असतो, म्हणून मोजलेल्या आकड्यावरून सुरुवात करून पुढे कानाने अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने सरकवा. ड्रमची लाथ (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) ऐकत राहा. एका टप्प्यावर तिचा टणका आणि तिचं वजन एकत्र येतं, आणि बेस डिक्कीतून उठून डॅशबोर्डवर येऊन बसतो. हे एकदा ऐकलं की पुन्हा मागून येणारा बेस सहन होत नाही.

हे सगळं तुम्ही एरवी ज्या आवाजात ऐकता त्याच आवाजात करा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज कमी असताना कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. हळू आवाजात ट्यून केलेला बेस मोठ्या आवाजात अंगावर येतो. म्हणूनच अ‍ॅम्पबरोबर आलेलं बेसचं रिमोट बटण हाताशी लावून ठेवायचं आणि व्हॉल्यूमप्रमाणे थोडं कमी-जास्त करायचं.

खडखड आणि गुणगुण

वूफर लागला की गाडीतली प्रत्येक सैल वस्तू बोलू लागते. २० ते १०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा स्वीप टोन लावा आणि एकाला बाहेर उभं करा. नंबर प्लेट, मागचा पार्सल ट्रे, डिक्कीच्या झाकणाचं अस्तर, मागचा वायपर, बहुतेकदा यांपैकीच कोणीतरी असतं. हाताने दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. प्लेटमागे फोमची पट्टी, ट्रिमच्या खाचांत कापडी टेप, आणि मोठ्या पातळ पत्र्यावर ब्युटाइलची डॅम्पिंग शीट, एवढ्याने काम भागतं.

इंजिनच्या वेगाबरोबर चढ-उतार होणारी शिट्टी ऐकू येत असेल तर अ‍ॅम्पची आरसीए काढून बघा. शिट्टी थांबली तर ती सिग्नलच्या बाजूने येतेय. स्टिरिओचा अर्थ तपासा, केबल पॉवरच्या वायरजवळून जात नाही ना ते बघा. थांबली नाही तर अ‍ॅम्पचा अर्थ पुन्हा घासून आवळा. शिट्टी अडवायचा फिल्टर विकत आणणं हा अगदी शेवटचा उपाय. वाजता वाजता अ‍ॅम्प बंद पडत असेल तर जोराच्या ठोक्याला त्याच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज मोजा. १२ च्या बराच खाली जात असेल तर वायर बारीक, जोड सैल किंवा बॅटरी थकलेली. आणि हेडलाइट प्रत्येक ठोक्याला मंद होत असतील तर आधी बॅटरी तपासून घ्या, कपॅसिटर (ठोक्यासाठी थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) घेण्याचा विचार त्यानंतर.

इंजिन बंद ठेवून मोठ्याने फार वेळ ऐकू नका. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ वर आली की ती निम्मी रिकामी झालेली असते.

दोन आठवडे गाडी चालवल्यावर बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंतचा प्रत्येक बोल्ट आणि थिंबल एकदा आवळून बघा, कारण जाड वायरचे तंतू दाबाखाली बसतात आणि जोड सैल होतो. अर्धा तास मोठ्याने वाजवून लगेच फ्यूज होल्डरला आणि अर्थच्या थिंबलला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल इतकं गरम असेल तर फ्यूज काढून ठेवा आणि तो जोड नव्याने करा.